जुन्या घराचे नवे रूप

‘घर पाहावे बांधून’ अशी आपल्याकडे म्हण आहे. घर बांधताना किती कष्ट पडतात, किती द्रव्य खर्ची पडते, हे ज्याचे त्यालाच ठाऊक. तरीही घर जुने झाले, भिंतींना पोपडे धरले, छप्पर गळू लागले, की ते पाडून त्या जागी नवे बांधावे, हाच विचार बहुतेकांच्या मनात प्रथम येतो. परंतु विटा भाजताना जळलेले इंधन, तुळयांसाठी तोडलेला साग, खाणीतून काढलेला दगड आणि गवंडी-सुतारांचे श्रम हे सारे जुन्या घरात साठलेले असते. घर पाडले की ते मातीमोल होते. आणि नव्या घरासाठी तीच सामग्री निसर्गाकडे पुन्हा मागावी लागते.

या मागणीची किंमत थोडीथोडकी नसते. सिमेंट तयार करण्यासाठी चुनखडी व माती यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. इंधनाचा धूर तर निघतोच. शिवाय तापलेल्या चुनखडीतूनही कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. हाच वायू पृथ्वीचे तापमान वाढवीत आहे. चुन्याचीही भट्टी लावावी लागते. पण तिला सुमारे ९०० अंशांचे तापमान पुरते आणि भिंतीवरचा चुना घट्ट होताना हवेतील तोच वायू पुष्कळ अंशी परत शोषून घेतो.

मात्र दुरुस्तीलाही ज्ञान लागते. देशावरील खेड्यांत जाड मातीच्या भिंतींची घरे अजूनही आढळतात. माती उन्हाची झळ सावकाश आत येऊ देते. म्हणून भर वैशाखातही तेथे गारवा असतो. अशा भिंतीला मजबुतीसाठी म्हणून कोणी सिमेंटचा गिलावा करतो. जोत्यातून वर चढलेली ओल मातीतून एरवी हवेत निघून जाते; सिमेंट तिची वाट अडवते. ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते आणि वरून गुळगुळीत दिसणारी भिंत आतून पोखरली जाते. काही पावसाळ्यांनंतर गिलावा गळून पडला, की ठपका येतो तो मातीवर! वास्तविक दोष मातीचा नसून चुकलेल्या उपचाराचा असतो. मातीच्या भिंतीला माती आणि चुना हेच मानवतात.

जुने ते सारे चांगले, असेही मानणे योग्य नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. तेथील पुष्कळ घरांच्या भिंती मातीत रचलेल्या ओबडधोबड दगडांच्या होत्या आणि माथ्यावर मातीचे जड माळवद होते. दगड एकमेकांत गुंतलेले नसल्यामुळे भिंती फुटल्या आणि माळवदे झोपलेल्या माणसांवर कोसळली. म्हणून अशा घराची दुरुस्ती काढताना प्रथम माळवदाचा भार हलका करावा, भिंतीत आरपार जाणारे दगड बसवावेत, आणि चारही भिंतींना एकत्र बांधणारा पट्टा घालावा. हे काम जाणकाराच्या सल्ल्यानेच व्हावे. सौंदर्य आणि काटकसर यांचा विचार त्यानंतरचा.

अशा काटकसरीचा उत्तम धडा लॉरी बेकर या वास्तुशिल्पज्ञांनी घालून दिला. १९१७ साली इंग्लंडमध्ये जन्मलेले बेकर भारतात आले, महात्मा गांधींना भेटले आणि पुढे येथेच स्थायिक झाले. जवळपास मिळणाऱ्या सामग्रीतून घर बांधावे, हा गांधीजींचा विचार त्यांनी आयुष्यभर पाळला. पाडलेल्या घरांची दारे, खिडक्या, विटा ते नव्या कामात वापरीत. विटा उभ्या रचून मध्ये पोकळी ठेवण्याच्या त्यांच्या पद्धतीने सुमारे चतुर्थांश विटा वाचतात, आणि पोकळीतील हवेमुळे ऊन आत येण्यास अटकाव होतो. २००७ साली ते निवर्तले. त्यांनी उभारलेल्या वास्तू केरळात आजही पाहावयास मिळतात.

दुरुस्ती करतानाच पावसाच्या पाण्याचीही सोय लावता येते. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे १ लिटर पाणी मिळते. १०० चौरस मीटरच्या छपरावर वर्षाकाठी ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ते ६०,००० लिटर होते. पन्हळी लावून ते टाकीत किंवा विहिरीत सोडले, तर उन्हाळ्यात उपयोगी पडते. आणि पागोळ्यांचे पाणी जोत्यात न मुरल्याने भिंतीही टिकतात.

जे भक्कम आहे ते राखावे, जे दुबळे आहे ते सावरावे, आणि जे अपरिहार्य असेल तेवढेच नवे आणावे. पूर्वजांचे श्रम, निसर्गाची संपत्ती आणि घरातील माणसांचे प्राण या तिन्हींची काळजी त्यात वाहिली जाते. म्हणूनच जुन्या म्हणीला आता जोड द्यावी लागेल : घर पाहावे बांधून, आणि पाहावे राखून.