स्प्रिंकलर सुरू करण्याआधी

न्यू जर्सीपासून इलिनॉय-मिशिगनपर्यंत, अमेरिकेच्या थंड पट्ट्यात स्वतःचं घर घेतलेली मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. दारापुढची हिरवळ, तिच्याखाली पुरलेले पाइप आणि गॅरेजमधला कंट्रोलर घराबरोबरच मिळतो. तो सगळा पसारा चालवायचा कसा, हे मात्र बहुधा ऐकीव माहितीवरच चालतं, आणि त्यातल्या काही समजुती चांगल्याच महागात पडतात.

पहिली समजूत अशी की, मार्चच्या २० तारखेच्या सुमारास वसंत लागला, म्हणजे पाणी सोडायला हरकत नाही. जमीन तारीख पाहून वितळत नाही. फावड्याने फूटभर खणून बघा. माती अजून दगडासारखी लागली तर थांबायचं. त्यातही सर्वांत नाजूक भाग जमिनीखाली नसतोच. घराच्या भिंतीलगत उघड्यावर बसवलेला, पाणी उलटं वाहू न देणारा पितळी बॅकफ्लो प्रिव्हेंटर हा तो भाग. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के प्रसरण पावतं, त्यामुळे पाणी भरलेल्या या उपकरणाला कडाक्याच्या थंडीची एक रात्रही चीर पाडू शकते. मिनेसोटासारख्या ठिकाणी मेपर्यंत धीर धरलेला बरा.

‘हिवाळ्याआधी कॉम्प्रेसरने पाइप रिकामे केले होते, म्हणजे सगळं शाबूत असणार’ हेही गृहीत धरू नये. सखल भागात थोडं पाणी राहून जातं. माती गोठून फुगते तेव्हा स्प्रिंकलरची डोकी तिरकी होतात, आणि ड्राइव्हवेच्या कडेची डोकी बर्फ काढणाऱ्या यंत्राखाली सापडतात. पाणी सोडण्याआधी बागेत एक फेरी मारा.

सर्वांत मोठं नुकसान मात्र होतं ते मुख्य व्हॉल्व्ह एका झटक्यात उघडल्याने. पाइप लवकर भरतील म्हणून आपण चावी पूर्ण फिरवतो. हिवाळाभर त्या पाइपांत हवा असते. वेगाने आलेलं पाणी ती हवा दाबत पुढे जातं आणि कोपऱ्यांवर, बंद व्हॉल्व्हवर जाऊन आदळतं. त्या धक्क्याने प्लॅस्टिकचे सांधे फुटतात. चावी आधी अगदी थोडीच फिरवा. पाइपातला वाहत्या पाण्याचा आवाज थांबू द्या, मगच हळूहळू पूर्ण उघडा. त्यानंतर कंट्रोलरवरून एकेक झोन हाताने चालू करून त्याच्याजवळ उभे राहा. एखादं डोकं वर येत नसेल तर आत माती अडकली असेल. नॉझलखालची जाळी काढून धुतली की बहुधा काम होतं. अख्ख्या झोनचाच जोर कमी असेल तर जमिनीखाली गळती असण्याची शक्यता धरा. आणि धुक्यासारखा बारीक फवारा दिसला म्हणून खूश होऊ नका. दाब जास्त असल्याची ती खूण आहे, आणि ते पाणी गवतावर पडण्याऐवजी वाऱ्यावर जातं. साध्या स्प्रे डोक्यांना ३० पीएसआयच्या आसपासचा दाब पुरतो.

‘थोडं गळतंय, चालायचंच’ असं म्हणणाऱ्यांनी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचा, म्हणजे ईपीएचा, हिशेब पाहावा. एक इंचाचा बत्तिसावा भाग एवढ्या छिद्रातून महिन्याला सुमारे ६,३०० गॅलन, म्हणजे जवळजवळ २४ हजार लिटर पाणी वाया जातं.

बॅकफ्लोची वार्षिक चाचणी ही नगरपालिकेची पैसे उकळायची युक्ती आहे, असंही ऐकू येतं. हा गैरसमज मला सर्वांत घातक वाटतो. रस्त्याखालची मुख्य जलवाहिनी फुटली किंवा अग्निशमन दलाने हायड्रंटमधून एकदम पाणी ओढलं, तर वाहिनीतला दाब कोसळतो आणि घरांकडचं पाणी उलटं खेचलं जाऊ शकतं. हिरवळीवरचं खत, तणनाशक, कुत्र्यांची घाण यांत भिजलेल्या डोक्यांतलं पाणी मग पिण्याच्या पाण्यात मिसळू शकतं, आपल्या आणि शेजाऱ्यांच्याही. ते अडवणारं बॅकफ्लो प्रिव्हेंटर हे एकच उपकरण आहे. अनेक गावांत प्रमाणित तंत्रज्ञाकडून दरवर्षी चाचणी सक्तीची असते. तुमच्याकडे सक्ती नसली तरी ती करून घ्या.

एप्रिलमधलं पिवळं गवत तहानलेलं असतं, ही समजूतही सोडायला हवी. केंटकी ब्लूग्रास किंवा फेस्क्यू माती तापली की आपोआप हिरवं होतं. वितळलेल्या बर्फाची आणि पावसाची ओल तेव्हा बहुधा पुरेशी असते. त्या दिवसांत रोज पाणी दिलं तर मुळं वरच्या थरातच राहतात आणि जुलैच्या उन्हात तेच गवत आधी मान टाकतं. भर उन्हाळ्यातसुद्धा पाऊस धरून आठवड्याला साधारण एक इंच पाणी पुरतं. म्हणून कंट्रोलरमधलं गेल्या जुलैचं वेळापत्रक पुसा, घड्याळ लावा, बॅटरी बदला. सगळ्या झोनना सारखीच मिनिटं देऊ नका. स्प्रे डोकी तासाला सुमारे दीड इंच पाणी टाकतात, तर फिरणारे रोटर त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतकंच. हिरवळीवर चार रिकामे डबे ठेवून पंधरा मिनिटांत किती पाणी साचतं ते पट्टीने मोजलं, की तुमच्या बागेचा आकडा हाती येतो.

राहिला रेन सेन्सर. न्यू जर्सीत नव्याने बसवलेल्या स्वयंचलित स्प्रिंकलरला तो कायद्याने बंधनकारक आहे, पण एकदा बसवला की त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. त्याच्यावर ग्लासभर पाणी ओता, आतल्या चकत्या फुगायला काही मिनिटं द्या. तरीही कंट्रोलरने पाणी थांबवलं नाही, तर उन्हाळ्याची वाट न पाहता तो बदलून घ्या.