पाणी तपासायचं तर सुकतीला

खाडीत मासे मरून वर येतात, आपण अर्ज घेऊन जातो, तोवर दोन भरत्या होऊन पाणी बदललेलं असतं. म्हणून मगदल्ला ते डुमस पाणी तपासायला ज्या पोरांनी नावं दिलीत, त्यांच्यासाठी हे.

बाटली सुकती संपत आली की भरा. भरतीला समुद्राचंच पाणी जास्त, घाण पातळ होते आणि वहीत सगळं चांगलं दिसतं. सिंगणपोरच्या कॉजवेखाली तापी भरती-ओहोटीचीच. उन्हाळ्यात वरून गोडं पाणी कमी, तेव्हा शहरातून काय उतरतं ते सुकतीलाच कळतं. रंगावर जाऊ नका, आपलं पाणी गाळाने तसंही गढूळ.

मुख्य तपासणी ऑक्सिजनची. नदीच्या पाण्याच्या सरकारी वर्गवारीत माशांसाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम धरलाय. रात्री शेवाळही ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे तो सगळ्यात कमी. पहाटेची सुकती मिळाली तर सोडू नका. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरा. आत बुडबुडा राहिला की आकडा चुकला. किटमधली पहिली दोन औषधं टाकल्यावर साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर नाही, तिथे मासा गुदमरणार. त्यातल्या एका औषधात कॉस्टिक असतं, हातमोजे घाला.

तारीख, वेळ, जागा यांच्यासोबत तिथीही लिहा. अष्टमीच्या भांगाला पाणी कमी हलतं, पुनवेच्या उधाणाला जोरात. दोन्हींचे आकडे एकमेकांशी लावू नका. वही आणि किट सोसायटीच्या ऑफिसात आहे.