सिंहांच्या खड्ड्यात हरवलेला ‘ल’

पहाट होताच राजा दारयावेश सिंहांकडे धावत सुटतो. आदल्या दिवशी आत टाकलेला दानीएल खालून ओ देतो आणि राजा हुकूम सोडतो: त्याला वर काढा! मराठी बायबलमध्ये आपण ‘गुहा’ वाचतो, पण मूळ अरामी शब्द आहे ‘गोब’, म्हणजे खड्डा. म्हणून नुसतं बाहेर नाही, वर.

हा हुकूम ज्या वचनात आहे, त्यातच एक क्रियापद पाठोपाठ दोनदा येतं. आधी ‘हन्साका’, वर काढणं. लगेच ‘हुस्सक’, वर काढला गेला. धातू एकच: स-ल-क, वर जाणे, चढणे. आता दोन्ही रूपं मोठ्याने म्हणून पाहा. ‘ल’ कुठे गेला?

‘स’ने गिळला. आपण ‘चढ’चं ‘चढव’ करतो, तसं करताना अरामी भाषा धातूच्या आधी ‘ह’ लावते. मग ‘स’ आणि ‘ल’ यांच्यात स्वर उरत नाही, आणि ‘हस्लिकू’ व्हायचं ते ‘हस्सिकू’ होतं. दानीएलचे साथीदार शद्रख, मेशख, अबेदनगो यांना जळत्या भट्टीपर्यंत वर नेणाऱ्यांसाठी हेच रूप आलं आहे. पुढे कधीकधी जोड ‘स्स’सुद्धा सुटतो आणि त्यातल्या एका ‘स’च्या जागी ‘न’ बसतो: हन्साका. म्हणजे हा ‘न’ धातूत कधी नव्हताच!

हे परकं वाटतं का? संस्कृत ‘पक्ष’चं प्राकृतात ‘पक्ख’ झालं, आणि आपण म्हणतो ‘पंख’. तिथेही जोड अक्षर सुटलं आणि नाकातला आवाज आला. हजारो कोस दूरच्या, वेगळ्या कुळातल्या भाषेत जिभेने तीच वाट धरावी, याचं मला अजून नवल वाटतं.

बायबलच्या अरामी भागांत हे क्रियापद जेमतेम आठ वेळा येतं. पण काय काय चढतं त्यात! दानीएलच्या स्वप्नात समुद्रातून चार श्वापदं वर येतात: ‘सालकान’. चौथ्याच्या डोक्यावर छोटं शिंग उगवतं: ‘सिल्कत’. एज्राच्या पुस्तकातल्या पत्रात यहुदी लोक यरुशलेमेला ‘सलिकू’, वर आले. शहर डोंगरावरचं, वाट चढणीची. या सगळ्या रूपांत ‘स’ आणि ‘ल’च्या मधे स्वर आहे, म्हणून ‘ल’ सुखरूप.

मला सर्वांत आवडते ती राजा नबुखद्नेस्सरची रात्र. आपल्या मनात विचार येतात. दानीएल राजाला सांगतो, तुमचे विचार तुमच्या बिछान्यावर चढून आले. तिथेही ‘सलिकू’च.

अरामीचीच पुढची बोली सिरियाक. तिच्या उपासनेत येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला आजही ‘सुलाका’ म्हणतात. ‘ल’ तिथे ठणठणीत ऐकू येतो.