घोरणं थांबतं तेव्हा

सासूबाई म्हणायच्या, "दर्यावरून दमून आलाय, घोरू दे त्याला." आमचे हे नाट्याच्या बंदरात तांडेल. घोरण्याची मला सवय झाली होती; जीव जायचा तो घोरणं मध्येच थांबलं की. छाती हलतेय, पण नाकाशी हात धरला तर वारा नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी सेकंद मोजायची. वीस, पंचवीस, एकदा तर ३८. मग मोठा आचका देऊन श्वास परत यायचा. सकाळी ह्यांना काहीच आठवायचं नाही. डोकं मात्र जड, आणि दुपारी सुकाणूवर डुलकी.

एका ठिकाणी दाखवलं, तर झोपेची गोळी मिळाली. झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासाची वाट मिटते, हाच तर हा आजार, स्लीप ॲप्निया. गोळीने नि दारूने घसा आणखी सैल पडू शकतो, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर!

श्वास अडला की रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू दचकून जागा होतो. तासाला ३० पेक्षा जास्त वेळा असं झालं तर आजार गंभीर. रक्तदाब चढतो, हृदयावर ताण येतो. २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा बातम्यांत ह्या आजाराचं नाव मी पहिल्यांदा ऐकलं आणि वहीत सेकंद लिहायला लागले.

जायचं ते छातीविकारतज्ज्ञाकडे, नाहीतर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे. आम्ही आधी रत्नागिरीला गेलो, मग रात्रभराच्या तपासणीसाठी अणुस्कुरा घाटाने कोल्हापूरला. डोक्याला, छातीला, बोटाला वायरी लावून झोपवतात. पण डॉक्टरांनी आधी मागितली माझी वही आणि मोबाइलवरचा व्हिडिओ. झोपलेल्याला काय ठाऊक? बाईने बरोबर जायलाच हवं. ताशी ४१ वेळा श्वास अडत होता.

उपाय म्हणजे सीपॅप. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे मांडलेला. मास्कमधून येणाऱ्या हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. पहिले आठ दिवस हे मास्क ओरबाडून काढायचे. मिशीतून हवा गळायची. शेवटी मिशी उतरवली. पावसात वीज जाते म्हणून इन्व्हर्टर घेतला. वजन उतरवायचं अजून बाकी आहे.

परवा शेजारीण म्हणाली, "आमचेपण घोरतात गं."

म्हटलं, "घोरू देत. मध्येच थांबतात का, ते आज रात्री बघ."