गावाकडची बदली: पोलिसांच्या बदल्यांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

ब्रिटनमधल्या पोलिसांना ऑस्ट्रेलियातली पोलीस दले नोकरी देऊ करतात आणि काही जण देश सोडून तिकडे जातातही. महाराष्ट्रातल्या पोलीस शिपायाची ओढ वेगळी असते. बीड, लातूर किंवा बुलढाण्याचा मुलगा मुंबई-ठाण्यात भरती होतो आणि काही वर्षांतच त्याचे डोळे गावाकडच्या बदलीच्या आदेशाकडे लागतात. म्हातारे आईवडील, शेती, मुलांच्या शाळा, सगळे त्या एका कागदापाशी अडलेले असते. या बदलीविषयी भरतीच्या मैदानापासून पोलीस लाइनपर्यंत जे गैरसमज पसरले आहेत, त्यांची किंमत अख्ख्या कुटुंबाला मोजावी लागते. म्हणून ते एकेक तपासून पाहू.

गैरसमज 1: आधी मिळेल तिथे भरती व्हावे, बदली नंतर करून घेता येते.

वस्तुस्थिती: शिपायाची भरती घटकनिहाय होते. घटक म्हणजे एखादा जिल्हा, पोलीस आयुक्तालय, लोहमार्ग पोलीस किंवा राज्य राखीव पोलीस बलाचा गट. नेमणूक, ज्येष्ठता, बढती हे सगळे त्या घटकातच चालते आणि नेहमीच्या बदल्याही घटकातल्या घटकात होतात. दुसऱ्या जिल्ह्यात जायचे तर आंतरजिल्हा बदलीसाठी अर्ज करावा लागतो. ती विनंती असते, हक्क नव्हे. दोन्ही घटकांची ना हरकत लागते, जिथे जायचे तिथे जागा रिक्त असावी लागते आणि आरक्षणाच्या बिंदुनामावलीत ती आपल्या प्रवर्गाची असावी लागते. एवढे जुळून आदेश निघाला, तरी मूळ घटकाने कार्यमुक्त केल्याशिवाय पाऊल उचलता येत नाही. मनुष्यबळ अपुरे आहे, बंदोबस्त तोंडावर आहे, अशा कारणांनी माणूस आदेश हातात घेऊन थांबलेला असतो.

गैरसमज 2: पद तेच, पगार तोच, मग बदलीत नुकसान कसले?

वस्तुस्थिती: मूळ वेतन आणि निवृत्तिवेतनासाठी धरली जाणारी सेवा कायम राहते, हे खरे. ज्येष्ठता मात्र जाते. समजा, 2012 साली नवी मुंबईत भरती झालेला शिपाई 2024 साली धाराशिवला आला. तिथल्या ज्येष्ठता यादीत त्याचे नाव सर्वांत खाली लागते. बारा वर्षे नोकरी झालेला हा माणूस वर्षभरापूर्वी भरती झालेल्या पोरांच्याही मागे जातो. बक्कल नंबरही नवा मिळतो. फेब्रुवारी 2022 मध्ये राज्याने पोलीस नाईक हे पद रद्द केले आणि शिपायाची हवालदार होण्याची वाट एका पायरीने कमी झाली. पण ज्येष्ठता गमावलेल्याला त्या वाटेवर पुन्हा रांगेच्या शेवटी उभे राहावे लागते. शिवाय बदली स्वतःच्या विनंतीवरून असल्याने प्रवासभत्ता मिळत नाही. हे सगळे माहीत असूनही पोलीस अर्ज करतात. घराची ओढ किती मोठी असते, हे त्यावरून समजावे.

गैरसमज 3: वरिष्ठांच्या मनात आले की कधीही, कुठेही बदली होते.

वस्तुस्थिती: प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी बदल्यांसाठी पोलीस आस्थापना मंडळे नेमण्याचा आदेश दिला. त्यानंतर महाराष्ट्र पोलीस अधिनियमात कलम 22न आले. त्यानुसार अंमलदारांचा, म्हणजे शिपाई ते सहायक उपनिरीक्षकांचा, एका ठिकाणचा सर्वसाधारण कार्यकाळ पाच वर्षे आहे. उपनिरीक्षक ते निरीक्षक या अधिकाऱ्यांसाठी तो पोलीस ठाण्यात दोन, जिल्ह्यात चार आणि परिक्षेत्रात आठ वर्षे आहे. मुंबई आयुक्तालयात आठ, तर इतर आयुक्तालयांत सहा वर्षे. मुदतपूर्व बदली करता येते, पण त्यासाठी लोकहित आणि प्रशासकीय निकड यांसारखी कायद्यातली कारणे असावी लागतात. तसे नसेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, दाद मागता येते.

गैरसमज 4: बदली झाली, म्हणजे काहीतरी केले असणार.

वस्तुस्थिती: शिक्षांच्या यादीत बदली नाही. वेतनवाढ रोखणे, पदावनती, बडतर्फी या शिक्षा आहेत आणि त्यांना चौकशी लागते. शिक्षेऐवजी केलेली बदली बेकायदा ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली सोमेश तिवारी खटल्यात स्पष्ट केले. निवडणुकीआधीच्या बदल्याही अशाच संशयाने पाहिल्या जातात. प्रत्यक्षात निवडणुकीशी थेट संबंध येणारा अधिकारी स्वतःच्या जिल्ह्यात नसावा आणि गेल्या चार वर्षांत तीन वर्षे त्याच जिल्ह्यात राहिलेला नसावा, हा निवडणूक आयोगाचा दंडक आहे.

गैरसमज 5: आमदाराचे पत्र जोडले की काम होते.

वस्तुस्थिती: सेवेच्या कामासाठी राजकीय दबाव आणणे हा महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 चा भंग आहे. असे पत्र अर्जदाराच्याच अंगाशी येऊ शकते. आजारपण, पती-पत्नी एकत्रीकरण, आईवडिलांचे आजार यांची कागदपत्रे अर्जाला जोडणे, हाच सरळ आणि सुरक्षित मार्ग आहे.

गैरसमज 6: देश एक, तर पोलीसही एकच, कोणत्याही राज्यात बदली मिळते.

वस्तुस्थिती: राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे कोल्हापूरच्या शिपायाला शेजारच्या गोव्यात बदली मागता येत नाही. सीबीआय, एनआयएसारख्या केंद्रीय यंत्रणांत प्रतिनियुक्तीवर जाता येते, पण ती ठरावीक मुदतीची असते. भारतीय पोलीस सेवेतल्या अधिकाऱ्यांनाही राज्याचे केडर असते. ते बदलायला केंद्राचा निर्णय आणि दोन्ही राज्यांची संमती लागते.

नियम आहेत, पण रिक्त जागा आणि कार्यमुक्ती यांपाशी ते अडतात. ठरावीक मुदतीत कार्यमुक्त करण्याचे बंधन घटकप्रमुखांवर काटेकोरपणे घातले पाहिजे. चोवीस तास दुसऱ्यांच्या घराची राखण करणाऱ्याला स्वतःच्या घराजवळ यायला इतकी वर्षे लागू नयेत. आणि भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगणे आहे: अलीकडच्या भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करता येतो. तो घटक निवडताना फक्त कटऑफ आणि जागांचा आकडा पाहू नका. पुढची तीस वर्षे कुठे काढायची आहेत, हे घरच्यांसोबत बसून ठरवा आणि मगच अर्ज भरा.