विमा आला कोठून आणि कशासाठी?



“दोन वर्षं बैलांच्या विम्याचा हप्ता भरला. बैल ठणठणीत. म्हणजे पैसे पाण्यातच गेले की!” असे एक सभासद गट ऑफिसात बोलून गेले. बोलणे चेष्टेचे, पण ते पुष्कळांच्या मनातले आहे. म्हणून विम्याच्या मुळाशी जरा जाऊ या.

पीक बुडाले तर तोटा कुणी सोसायचा, हा प्रश्न फार जुना. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कायदे कोरून घेतले. त्यात असे कलम आहे की, वादळाने शेत बुडाले किंवा पाण्यावाचून पीक आले नाही, तर कर्जदाराने त्या वर्षी सावकाराला धान्य देऊ नये, व्याजही देऊ नये. हा काही विमा नव्हे. पण सारा तोटा एकट्याच्या डोक्यावर पडू नये, हा विचार त्यात आहे.

विमा जन्मला तो दर्यावर. इटलीतील जिनोआ बंदरातला १३४७ सालचा जहाजाच्या विम्याचा करार आजही उपलब्ध आहे. आगीचा विमा मात्र लोकांना पोळल्यावर सुचला. १६६६ साली लंडनमध्ये सुमारे १३ हजार घरे जळाली. त्यानंतर पंधराएक वर्षांत निकोलस बार्बन याने घरांचा विमा उतरविणारी कचेरी काढली. आपल्याकडे परदेशी कंपन्या हिंदी माणसाच्या आयुर्विम्याला जादा हप्ता लावीत. १८७० साली मुंबईत निघालेल्या ‘बॉम्बे म्युच्युअल’ने ती रीत मोडली व सारखाच दर ठेवला.

आता हिशेब पाहू. समजा, शंभर बैल आहेत, प्रत्येकी किंमत ४० हजार. वर्षाला दोन दगावतात असा अनुभव आहे. कुणाचे, ते कुणालाच ठाऊक नाही. तोटा ८० हजार. तो शंभरांत वाटला तर बैलामागे ८०० रुपये, वर कचेरीचा खर्च. ज्याचा बैल जगला त्याचे ८०० रुपये बुडाले नाहीत. ते ज्याच्या दावणीला खुंटा रिकामा झाला त्याच्याकडे गेले. पुढल्या साली पाळी कुणाची, सांगता येत नाही. आणि विम्यावर कमाई करायची नसते. ४० हजारांच्या बैलाचे ६० हजार येत नाहीत.

तुम्ही म्हणाल, आपली इर्जिक होतीच की! होती. एकाचे काम अडले की गाव औते घेऊन धावे. पण तो शेजारधर्म; कुणी आला नाही तर विचारता येत नसे. विम्यात लेखी हक्क असतो. शिवाय दुष्काळ पडला तर साऱ्या गावाचेच हात रिकामे, मग कोण कुणाला देणार? म्हणूनच पिकाचा विमा बैलाच्या विम्यापेक्षा अवघड. त्याला दूरदूरचे मुलूख एकत्र जोडावे लागतात, सरकारलाही हप्त्याचा भार उचलावा लागतो.

जाता जाता कामाचे. विमा उतरविलेल्या बैलाच्या कानात बिल्ला मारतात. बैल दगावला आणि कानात बिल्ला नसला, तर दावा अडतो. गाडीतळावर ओढाताणीत बिल्ला पडतो आणि आपण उद्यावर टाकतो. तो पडल्याचे दिसताच विमा कचेरीला लेखी कळवावे, नवा मारून घ्यावा आणि त्याचा नंबर पॉलिसीवर चढवून घ्यावा.