झडपेच्या फटीत ध्वनीचा वेग

सिग्नल लाल आहे. पेट्रोलची गाडी न्यूट्रलमध्ये उभी आहे आणि इंजिन मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर संथ चालू आहे. अशा वेळी बॉनेटखाली एका चिंचोळ्या फटीतून हवा ताशी 1,100 किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असते. तिथल्या हवेत ध्वनीचा जो वेग, तोच तिचाही. हीच गाडी पुढे घाटाच्या चढावर अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पळवली, तर त्याच जागी हवेचा वेग ताशी शंभरेक किलोमीटरवर उतरतो. गाडी उभी असताना हवा सुसाट आणि गाडी पळताना हवा निवांत! इंजिनाबद्दल वाचलेल्या सगळ्या गोष्टींत मला ही सर्वांत आवडते.

ही फट थ्रॉटलच्या झडपेची. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिनात जास्त पेट्रोल जातं, असं बहुतेकांना वाटतं. पेट्रोल जास्त जातं हे खरं, पण ते मागाहून. पायाने आपण हुकूम देतो तो हवेला. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला 14.7 ग्रॅम हवा लागते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही या प्रमाणाच्या आसपासच नीट काम करतो. त्यामुळे पेट्रोल इंजिनात आधी हवा मोजायची आणि तिच्या हिशेबाने पेट्रोल सोडायचं, असा क्रम आहे. कमी ताकद हवी असेल तर इंजिनाला कमी हवा द्यायची, म्हणजे त्याचा श्वास कोंडायचा. हे काम एक धातूची गोल चकती करते. नळीच्या मधोमध आडवा दांडा आणि त्यावर फिरणारी चकती, बस्स.

चकती इतकी साधी दिसते की तिच्यामागचं शहाणपण नजरेतून सुटतं. इंजिन संथ चालू असताना चकतीच्या एका बाजूला वातावरणाचा पूर्ण दाब असतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. 50 मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर हा फरक सुमारे 13 किलो वजनाएवढा जोर लावतो. सरकणारी फळी असती तर एवढ्या जोराने दाबलेली फळी घासत घासत ओढावी लागली असती. पण दांडा मधोमध असल्याने अर्धा जोर चकती एकीकडे फिरवू पाहतो आणि अर्धा दुसरीकडे. दोन्ही एकमेकांना जवळपास खोडून काढतात, म्हणून एक बारीक केबल किंवा छोटी मोटर पुरते. शिवाय ही चकती पुरती गोल नसते. ती किंचित लंबवर्तुळाकार असते आणि बंद असतानाही नळीला काटकोनात न बसता काही अंश कलून बसते. ती अगदी गोल आणि काटकोनात बसवली, तर गरम-गार होताना पाचरीसारखी अडकून बसण्याची भीती असते.

कल्पना मोटारीहून कितीतरी जुनी आहे. जेम्स वॉटच्या वाफेच्या इंजिनात वाफेच्या नळीत अशीच फिरती चकती होती. 1788 साली त्याने तिला दोन फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर जोडला. इंजिन वेगात आलं की गोळे बाहेर फेकले जात आणि झडप थोडी मिटे. (गोळ्यांची युक्ती त्याआधी पवनचक्क्यांत वापरली जात होती आणि वॉटनेही ती स्वतःची म्हणून मिरवली नाही. शाळेच्या पुस्तकांनी मात्र ती त्याच्या नावावर करून टाकली.)

चकती बनवणं एक झालं आणि तिच्या फटीतून नेमकी किती हवा जाईल हे सांगणं वेगळं. हे कोडं सोडवणाऱ्या दोघांपैकी एकाचं नाव आज जवळपास कुणाला ठाऊक नाही. पिएर वान्त्झेल हे त्याचं नाव. 1814 साली पॅरिसमध्ये जन्मलेला हा इंजिनिअर. कोनाचे तीन समान भाग करणं आणि घनाचं घनफळ दुप्पट करणं या ग्रीकांच्या काळापासूनच्या दोन कोड्यांनी गणितज्ञांना दोन हजारांहून अधिक वर्षं झुलवलं होतं. फक्त पट्टी आणि कंपास वापरून ती सुटूच शकत नाहीत, हे वान्त्झेलने 1837 साली सिद्ध केलं. तेव्हा त्याने पंचविशीही गाठली नव्हती. एवढं मोठं काम, पण जवळपास शंभर वर्षं त्याची फारशी दखल कुणी घेतली नाही.

दोनच वर्षांनी, 1839 मध्ये, त्याने बारे द सां-व्हेनां या वयाने 17 वर्षं मोठ्या सहकाऱ्याबरोबर छिद्रातून वाहणाऱ्या हवेवर प्रयोग केले आणि निबंध लिहिला. प्रश्न असा होता: एका बाजूला वातावरणाची हवा, दुसऱ्या बाजूला कमी दाबाची टाकी आणि मध्ये छिद्र. टाकीतला दाब कमी करत गेलं तर छिद्रातून हवा अधिकाधिक वेगाने जाईल, हे कुणीही सांगेल. त्यांचं सूत्र मात्र विचित्र उत्तर देत होतं. दाब वातावरणाच्या सुमारे 53 टक्क्यांवर येईपर्यंत प्रवाह वाढतो, मग कमी होऊ लागतो, आणि टाकीत पूर्ण निर्वात असेल तर शून्य होतो. म्हणजे निर्वात जागेत हवा शिरतच नाही! दुसऱ्या कुणी सूत्रच टाकून दिलं असतं. या दोघांनी सूत्र ठेवलं आणि गृहीतक तपासलं. छिद्राच्या तोंडाशी असलेला दाब आणि टाकीतला दाब एकच असतो, असं आपण का धरून चाललो? प्रयोगातही तसं नसल्याचंच दिसलं. एका मर्यादेनंतर टाकीतला दाब कितीही उतरवला तरी छिद्रातून जाणारी हवा तेवढीच राहते.

असं का होतं, याचं नेमकं कारण 1886 साली मँचेस्टरच्या ऑस्बर्न रेनॉल्ड्सने सांगितलं. पुढे दाब कमी झाला, ही खबर हवेत ध्वनीच्याच वेगाने मागे जाऊ शकते. छिद्रातली हवाच त्या वेगाने पुढे धावू लागली की खबर मागे पोहोचतच नाही.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर पावसाळ्यात माथ्यावरून पाणी सांडणाऱ्या एखाद्या बंधाऱ्यावर जावं. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला, संथ पाण्यात खडा टाकला तर तरंग चारी बाजूंना पसरतात, प्रवाहाच्या उलटही सरकतात. बंधाऱ्याच्या माथ्यावरून पाणी कोसळू लागतं तिथे मात्र पाण्याचा वेग तरंगांच्या वेगाला गाठतो आणि खालच्या अंगाचा एकही तरंग माथा ओलांडून वर येऊ शकत नाही. त्यामुळे खालच्या डोहात पाणी हातभर उतरलं तरी माथ्यावरून सांडणाऱ्या पाण्यात फरक पडत नाही. किती पाणी सांडायचं हे ठरतं फक्त वरच्या पातळीवरून. जलसंपदा खात्याचे लोक माथ्यावरची उंची मोजून विसर्ग सांगतात तो याच आधारावर. थ्रॉटलच्या फटीतली हवा म्हणजे माथ्यावरचं हे पाणी. आणि हे साम्य वरवरचं नाही, दोन्हींचं गणित भावंडांसारखं जुळतं. नदीतल्या पुराचा अंदाज आज ज्या समीकरणांवर बांधतात, ती याच सां-व्हेनांने 1871 मध्ये मांडली.

वान्त्झेलला तोवर आयुष्य मिळालं नाही. 1848 मध्ये, वयाच्या 33 व्या वर्षी तो गेला. मित्रावर लिहिलेल्या स्मृतिलेखात सां-व्हेनांने त्याची रात्रीची जागरणं, अवेळी जेवण, आलटून-पालटून कॉफी आणि अफू यांची हळहळून नोंद केली आहे. आपल्याकडच्या इंजिनिअरिंगच्या पुस्तकांत थ्रॉटलच्या हवेचं सूत्र येतं, पण बहुधा नावाशिवायच. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तिथे ही दोन नावं छापावीत, असं मला मनापासून वाटतं.

आता पुन्हा इंजिनाकडे. संथ इंजिनात झडपेच्या आतला दाब वातावरणाच्या 35 टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे 53च्या बराच खाली. फटीत हवा ध्वनीच्या वेगाला टेकलेली असते आणि पसरताना थंडही होते. बाहेर 27 अंश सेल्सिअस असेल तर गणिताने फटीत उणे 23! (जुन्या विमानांच्या कार्ब्युरेटरमध्ये या थंडाव्यात पेट्रोलच्या बाष्पीभवनाचीही भर पडे. दमट हवेत झडपेवर बर्फ साचून इंजिनं बंद पडत.) बाराशे सीसीच्या इंजिनाला अशा वेळी सेकंदाला दोन-अडीच ग्रॅम हवा लागते. वान्त्झेलच्या सूत्राने हिशेब केला तर फटीचं क्षेत्रफळ येतं 10 ते 12 चौरस मिलिमीटर. ते 50 मिलिमीटरच्या चकतीच्या कडेभोवती वाटलं तर फट सरासरी 0.08 मिलिमीटरहूनही कमी भरते. तिथे तेलकट काजळीचा पातळ थर बसला तरी इंजिन सिग्नलला धडधडू लागतं किंवा बंद पडतं. गॅरेजवाले थ्रॉटल बॉडी, म्हणजे चकती बसवलेली नळी, साफ करायला सांगतात ते म्हणूनच.

या कोंडलेल्या प्रवाहाचा एक सुंदर फायदा आहे. सेकंदाला जाणारी हवा फक्त फटीवर ठरते, इंजिनाच्या वेगावर नाही. इंजिन जरा जोरात फिरलं तर तेवढीच हवा जास्त फेऱ्यांत वाटली जाते, प्रत्येक स्फोटाच्या वाट्याला कमी येते आणि इंजिन पुन्हा मूळ वेगाकडे उतरतं. म्हणून कार्ब्युरेटरच्या गाड्या एका साध्या स्क्रूवर वर्षानुवर्षं संथ चालत राहिल्या. डिझेल इंजिनात अशी झडप नव्हती. तिथे ताकद डिझेलच्या मापावर ठरते आणि हवा मोकळी असते. त्यामुळे त्याच्या पंपात गव्हर्नर बसवणं भाग होतं, नाहीतर इंजिन भडकून स्वतःचेच तुकडे करून घेईल. आता डिझेललाही झडप आली आहे, पण निराळ्या कामांसाठी: धुराचा काही भाग परत आत ओढण्यासाठी, काजळीचा फिल्टर जाळून साफ करताना धूर गरम ठेवण्यासाठी, आणि किल्ली बंद केल्यावर इंजिन हिसका न देता थांबावं म्हणून.

श्वास कोंडण्याची किंमतही मोजावी लागते. पिस्टन खाली येताना मागे अर्धवट निर्वात असतं आणि ती ओढ सोसण्यात इंजिनाची ताकद जाते. बाराशे सीसीच्या इंजिनात सिग्नलला उभं असताना ही गळती अर्ध्या किलोवॉटच्या घरात जाते. ती वाचवायला बीएमडब्ल्यूने 2001 मध्ये सिलिंडरच्या झडपाच कमी-जास्त उघडणारी व्हॅल्व्हट्रॉनिक यंत्रणा आणली. थ्रॉटलची चकती मात्र त्यांनीही काढून टाकली नाही, अडीअडचणीसाठी ठेवलीच.

हल्ली अॅक्सिलरेटरच्या पेडलला जोडायच्या डबीच्या जाहिराती दिसतात: डबी लावा, गाडीची ताकद वाढेल. आजच्या गाड्यांत पाय आणि झडप यांच्यात केबल नसते. पेडलवरचे दोन सेन्सर कंप्युटरला पायाची जागा कळवतात आणि मोटर चकती फिरवते. ही डबी मधेच तो संदेश फुगवून पाठवते. पाय 20 टक्के दाबला असताना कंप्युटरला 40 टक्के वाटतात, गाडी एकदम उसळते आणि ताकद वाढल्याचा भास होतो. पेडल तळाला टेकलं की झडप आधीही पूर्ण उघडत होती, आताही तेवढीच उघडते. एक हॉर्सपॉवरही वाढत नाही. मोठी थ्रॉटल बॉडी बसवण्याचंही बऱ्याचदा असंच असतं. झडप 60 अंश फिरली की अर्धी नळी उघडते, आणि हजार-पंधराशे फेऱ्यांवर इंजिनाला तेवढीही लागत नाही. बाकी नळी मोकळी असली-नसली, त्याला कळतही नाही.

इंजिनाच्या दुसऱ्या टोकाला, धुराच्या बाजूला, हीच चकती फार कठीण जागी काम करते. पेट्रोल गाडीत तिथे आठशे-नऊशे अंशांची धग असते, तेलाचं वंगण टिकत नाही आणि दांडा जाम होणं हा नेहमीचा रोग. काही वेगवान मोटरसायकलींत कमी वेगाला धुराच्या दाबाच्या लाटा परत फिरून सिलिंडर भरण्यात अडथळा आणतात. तिथे अर्धी मिटलेली झडप त्या लाटा मोडते. 1980च्या दशकाच्या शेवटी यामाहाने हे काम ‘एक्सअप’ नावाने गाजवलं. महागड्या गाड्यांत याच झडपेने आवाज कमी-जास्त करतात. त्यात मला विज्ञान कमी आणि मिरवणं जास्त दिसतं.

धुराच्या झडपेचं सर्वांत मोलाचं काम मात्र घाटात दिसतं. कसारा घाटातून किंवा बोरघाटातून भरलेला ट्रक उतरताना नुसत्या चाकांच्या ब्रेकवर उतरला तर ब्रेक तापून निकामी होतात. ड्रायव्हर एक्झॉस्ट ब्रेक लावतो, डिझेल बंद होतं, धुराच्या नळीतली झडप मिटते आणि पिस्टनना कोंडलेल्या दाबाविरुद्ध हवा ढकलावी लागते. इंजिनच ब्रेक बनतं. हा दाब वातावरणाच्या चार-पाच पटींवर जातो. तो याहून फार वाढू देता येत नाही, कारण मग सिलिंडरच्या धूर-झडपांच्या स्प्रिंगा हार मानतात आणि त्या झडपा नको तेव्हा उघडतात. म्हणून काही चकत्यांना मधोमध एक छोटं भोक असतं. दाब वातावरणाच्या दुपटीच्या पुढे गेला की त्या भोकातही हवा ध्वनीच्या वेगाला टेकते आणि सेकंदाला किती बाहेर पडेल हे भोकाच्या मापावर, आतल्या दाबावर आणि तापमानावरच ठरतं. ते भोक किती मिलिमीटरचं ठेवायचं, हे ठरवणारा इंजिनिअर वान्त्झेल आणि सां-व्हेनां यांचं 1839 सालचं सूत्र वापरतो.